कागदावरचा रिकामा हॉल

केटल फोर्क
१४ जानेवारी

डार्ला,

मी धडधाकट आहे, गुडघा सोडून. तो आता माझं ऐकत नाही, आभाळाचं ऐकतो.

तुझं पत्र मिळालं, फोटोही मिळाला. फोनपेक्षा पत्र बरं. माझं बोलणं कोसोवोला पोचेपर्यंत तू भलतंच काही बोलायला लागतेस, मग दोघी एकदम गप्प. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, तेव्हा चुका दिसल्या तर डोळे मिटून वाच. फोटोत तू वाळलेली दिसतेस. तिथल्या मेसमध्ये ‘आणखी घे’ म्हणणारं कुणी नाही वाटतं.

आता इथलं. मागच्या आठवड्यात राज्याच्या राजधानीहून दोन माणसं आर्मरी, तुमचा कवायतीचा हॉल, बघायला आली. एकाच्या हातात मोजपट्टी, दुसऱ्याच्या हातात कॉफी. मी तिथल्या स्वयंपाकघरात होते. तुमची राज्याच्या गार्ड शिपायांची कंपनी परक्यांची भांडणं सोडवायला गेली तरी मागे राहिलेल्या मूठभर पोरांची कवायत महिन्याच्या महिन्याला होतेच, आणि कवायतीच्या रविवारी जेवण आम्हा बायकांचं असतं. दोघांनी गळक्या छपराखालची बादली पाहिली, वर चढले, खाली उतरले आणि माना हलवल्या. म्हाताऱ्या माणसाला तपासून डॉक्टर बाहेर येतो ना, तशा.

आम्हा बायकांतल्या आयडा मेची सून काउंटीच्या ऑफिसात झाडपूस करते. तिने ऐकलं ते असं. आर्मरी उन्हाळ्यात बंद करायची. कंपनी डोंगरापलीकडे हार्मनला हलवायची. तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण मला काय कळलं ते लिहिते. ट्रक वॉशिंग्टनचे, बंदुका वॉशिंग्टनच्या, तुमचा कवायतीचा पगार वॉशिंग्टनचा. छपराचा खर्च मात्र निम्मा वॉशिंग्टनने द्यायचा आणि निम्मा आपल्या राज्याने, आणि राज्याचा हात खिशात जाऊन तिथेच अडकलाय. पूर आला की गव्हर्नरला गार्ड आठवतो, ऊन पडलं की छप्पर विसरतो.

म्हणजे जुलैत तुम्ही परत याल तेव्हा इथे कुलूप. आठवडाभर शाळेच्या बसखाली पाना घेऊन लोळून शुक्रवारी हार्मनचा डोंगर कोण चढणार? तू चढशील, तू हट्टी आहेस. बाकीचे वर्दी परत करतील. मग पुढच्या वेळी ओढा घरात शिरला की आम्हाला बाहेर कोण काढणार, तो कॉफीवाला?

तुझ्या बापाला विचारलं. म्हणजे आयडा मेला विचारायला लावलं. तुला माहीतच आहे, ज्या शनिवारी माझी लेक नॉर्व्हा त्याला सोडून ओहायोला गेली त्या शनिवारी तो कवायतीला गेला होता. बायको चाललीय, आणि हा पोरांना रांगेत उभं करतोय. तेव्हापासून मी त्याच्याशी मीठ मागण्यापुरतं बोलते. गार्डचा पगारी सार्जंट, आर्मरीच्या सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला, आणि आयडा मेला उत्तर काय दिलं? ‘बघू.’

एप्रिलमध्ये आर्मरीची सुनावणी आहे. तुझा बाप काहीतरी लपवतोय. तू विचार, तुला सांगेल.

मॅमॉ

*

कोसोवो
२ फेब्रुवारी

प्रिय मॅमॉ,

तुझी चौथी माझ्या बारावीला भारी पडते. तुझं पत्र मी तंबूत वाचून दाखवलं. कॉफीवाल्यापाशी आल्यावर अख्खी पलटण हसली, नंतर कुणी हसेना. सगळ्यांनाच घरी जाऊन त्याच आर्मरीत उभं राहायचंय.

इथे बर्फ आहे. आमचं काम म्हणजे दोन शेजाऱ्यांच्या मधल्या कुंपणावर उभं राहणं. एक म्हणतो त्याने माझी गाय नेली, दुसरा म्हणतो ती आधी माझीच होती. आम्ही दोघांकडची कॉफी पितो आणि गाईकडे बघतो. गेले दोन आठवडे एका शाळेचं छप्पर घालतोय. हो, छप्पर. बोल काय बोलायचं ते.

शाळेशेजारी हाजरिये नावाची म्हातारी राहते. तिने मला चीजचा गरम थरांचा पाव खायला दिला आणि मी तो चुकीचा धरते म्हणून माझ्या हातावर चापट मारली. मला तू आठवलीस. तिने दुभाष्याला विचारलं, ही पोरगी शिपाई आहे का? मी म्हटलं, महिन्यातले दोन दिवस, एरवी मी गावात शाळेच्या बस दुरुस्त करते. ती म्हणाली, ‘मग आता तुमच्या बस कोण बघतं?’ खरं उत्तर रॉस्को आहे, आणि रॉस्कोला इंजीन कुठल्या टोकाला असतं तेसुद्धा शोधावं लागतं.

आर्मरीचं म्हणशील तर सुनावणीला जरूर जा. नीट बोल. कुणाला कॉफीवाला म्हणू नकोस. पूर येतो, बर्फ पडतं, हॉल लागतो, एवढं सांग आणि खाली बस. कुणी कधी काय वापरलं, कुणाला विचारून वापरलं, त्या तपशिलात शिरू नकोस.

आणि डॅडींना त्रास देऊ नकोस. आयडा मेलाही पाठवू नकोस.

तुझी,
डार्ला

*

केटल फोर्क
२० फेब्रुवारी

डार्ला,

परक्या गावच्या शाळेला छप्पर घालायला पैसे आहेत आणि घालणाऱ्यांच्या छपराला नाहीत. ही अक्कल विकत मिळत नाही, त्यासाठी राजधानीत राहावं लागतं. हाजरियेला सांग, चापट बरोबर मारली. तू लहानपणापासून सगळं पान्यासारखं धरतेस.

तू म्हणतेस तपशिलात शिरू नको. मी शिरले. आणि बरं झालं शिरले.

मी दारोदार फिरले. आर्मरीत तुमचं काय काय झालं, विचारत सुटले. आयडा मेच्या दोन्ही पोरींची लग्नं. शाळेची जिम जळाली त्या वर्षीचा सगळा बास्केटबॉल. बर्फाचं वादळ आलं तेव्हा वीज येईपर्यंत अर्धं गाव तिथेच झोपलं होतं, आणि त्या मुक्कामात दोन सोयरिकी जमल्या, त्यातली एक टिकली. खाणीत गेलेल्या क्लेटसचं मयताचं जेवण, कारण चर्चमध्ये एवढी माणसं मावेनात. मतदान तर तिथेच. गावात असं घर नाही, ज्यातलं कुणी त्या हॉलमध्ये जेवलं नाही की रडलं नाही.

मग ब्रदर डेल्मरने कोर्टाच्या भिंतीवर लावलेला राज्याचा कागद मला वाचून दाखवला. त्यात लिहिलंय, छपराचे पैसे आधी त्या इमारतींना, ज्या लोकांच्या उपयोगी पडतात. आणि खाली प्रत्येक गावाची आर्मरी. हार्मनपुढे लग्नं, मेळे, सभा, रांगच्या रांग. केटल फोर्कपुढे एकच शब्द, ‘नाही’. गेल्या वीस वर्षांत लोकांनी हॉल वापरला का? नाही. एकदाही नाही.

मी ब्रदर डेल्मरला म्हटलं, पुन्हा वाच. त्याने पुन्हा वाचलं. पाद्री आहे, मुद्दाम खोटं वाचणार नाही.

तो कागद भरून पाठवणारा तुझा बाप. मग मी मिठाबिठाची वाट बघितली नाही, सरळ त्याच्या ऑफिसात गेले. तो एका ट्रकचा दिवा पुसत होता. माणसाला बोलायचं नसलं की त्याला दिवा सापडतो. मी विचारलं, क्लेटसच्या जेवणाला तू स्वतः खुर्च्या लावल्यास, ते कुठे गेलं? तो म्हणाला, ‘कुणाची सही नाही, झेल्मा. सही नाही म्हणजे झालं नाही.’

मी म्हटलं, सही घेतली का नाहीस? तो दिवा पुसत राहिला.

आता मला सगळं दिसतंय. कंपनी हार्मनला गेली की याला तिथे पक्क्या इमारतीत, गरम ऑफिसात खुर्ची मिळणार. कुंपणच शेत खातंय, डार्ला. नॉर्व्हा त्याला ओळखून होती.

सुनावणीत मी उभी राहणार. एकेकाचं नाव घेऊन सांगणार, कुणाचं लग्न, कुणाचं मयत, किल्ली कुणी दिली. राज्याच्या माणसांना कळू दे कागद खोटा आहे आणि खोटं कुणी लिहिलं.

मॅमॉ

*

कोसोवो
९ मार्च

मॅमॉ,

हे पत्र मिळेल तेव्हा जिथे असशील तिथे बस आणि शेवटपर्यंत वाच.

तू चुकलीस. चूक माझीही आहे, मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. निघायच्या आधी डॅडींनी मला सांगितलं आणि शपथ घातली.

आर्मरी बाहेरच्या कुणाला द्यायची तर नियम आहे. आधी राजधानीची परवानगी, मग भाडं, मग विम्याचा कागद, काही मोडलं तर भरून द्यायची हमी. हार्मनमध्ये लोकांना परवडतं. आपल्याकडे क्लेटसची बायको नवऱ्याचं जेवण घालायला विमा कुठून काढणार होती? ती डॅडींच्या खिडकीशी आली आणि म्हणाली, शनिवारी हॉल लागेल. डॅडींनी खुर्च्या लावल्या. विचारलं असतं तर नकार आला असता, म्हणून त्यांनी विचारलंच नाही. लिहिलं असतं तर भाडं लागलं असतं, म्हणून लिहिलंच नाही. वीस वर्षं. त्यांना कुणी कधी विचारलं नाही, कारण गावात कुणालाच वाटत नव्हतं की यात विचारण्यासारखं काही आहे.

मग त्या कागदावर ते काय लिहिणार होते? ‘हो’ लिहिलं की पुढचा प्रश्न, परवानगी कुठे आहे? सरकारची इमारत वीस वर्षं परस्पर वाटली म्हणून त्यांना काढून टाकतील. पेन्शनला थोडेच महिने उरलेत, तीही जाईल. आणि तूच सांग, या वयात दुसरं काय करतील ते?

हार्मनमध्ये त्यांना कुणी खुर्ची देणार नाहीये. त्यांनी मागितलीही नाही.

तू सुनावणीत नावं घेतलीस की आर्मरी कदाचित वाचेल, डॅडी नक्की बुडतील. गप्प राहिलीस तर आर्मरी जाईल. दोन्ही हाती लागणार नाहीत. माझं ऐक, गप्प राहा. मी डोंगर चढेन दर महिन्याला. बाकीच्यांनाही मी समजावते.

आणि ममा गेली त्या शनिवारचं मला बोलायचं नाही, पण एवढं सांगते. ती गेली हे त्यांना कवायत संपल्यावर कळलं.

डार्ला

*

केटल फोर्क
३ एप्रिल

डार्ला,

तुझं पत्र मिळालं. लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण नंतर लिहायचं टेबलच ओढ्याबरोबर गेलं. मी जिवंत आहे. घर आहे, खालचा मजला चिखल. तुझ्या बसचं गॅरेज शाबूत आहे. रॉस्कोने सगळ्या बस वेळेवर टेकडीवर नेल्या, त्याचं आता गुपचूप कौतुक कर.

बर्फ वितळत होतं आणि त्यावर पाऊस. सकाळी ओढा तपकिरी, दुपारी रस्त्यावर. तुम्ही सगळे तिकडे, चांगले ट्रकही तुमच्याबरोबर. इथे दोन जुने ट्रक, मागे राहिलेली पोरं आणि तुझा बाप हॉबर्ट. गव्हर्नरचा हुकूम आल्याशिवाय गार्डने हलायचं नसतं म्हणतात. हुकूम निघाला तोवर हॉबर्टने खालच्या आळीतली सगळी घरं रिकामी केली होती आणि हॉलची दोन्ही दारं उघडी टाकली होती. मला उचलायला तो स्वतः आला. मी म्हटलं, चालता येतं मला. तो म्हणाला, पाण्यात नाही, आणि मला पिठाच्या पोत्यासारखं ट्रकमध्ये ठेवलं.

गव्हर्नरने डोंगरापलीकडची कंपनी पाठवली. घाटात दरड पडली होती, ती दुसऱ्या दिवशी पोचली. बरोबर मेजर पेटिट नावाची बाई. उंच, पातळ ओठांची, गुडघ्यापर्यंत चिखल. रिकाम्या इमारतीत छावणी उभारायला आलेली. खाटा, चुली, कुठे काय लावायचं याचा नकाशा, सगळं घेऊन.

दारातून आत आली आणि थांबली. खाटा लागलेल्या होत्या, तान्ही पोरं भट्टीच्या बाजूला, खोकणारे म्हातारे भिंतीकडे. बीन्स शिजत होते, मक्याचा पाव भाजून झाला होता. आयडा मे हातात लाकडी चमचा घेऊन फ्यूजच्या पेटीशी उभी, कारण तिथे कॉफीचं भांडं आणि हीटर एकदम लावले की अंधार होतो. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. गावाला आपापली जागा ठाऊक होती.

तिने विचारलं, हे सगळं कुणी लावलं?  लावायला काय लागतं, आम्हाला प्रश्नच समजला नाही. मग ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. म्हणाली, माझ्याकडच्या कागदावर हा हॉल वीस वर्षं लोकांसाठी बंद आहे. मग मोठ्या पातेल्यांची झाकणं कुठे असतात ते तुम्हाला कसं कळलं?

मी म्हटलं, ‘बाई, ती ठेवलीच मी.’

तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर तुझं पत्र आठवलं.

‘कुणाच्या परवानगीने?’ ती म्हणाली.

माझं खोटं तयार होतं, डार्ला. तुझं पत्र वाचलं त्या दिवसापासून तयार होतं. मी म्हणणार होते की स्वयंपाकघराची किल्ली मी चोरून करून घेतली आणि गावाला मीच आत सोडत आले. या वयाच्या बाईला कोण तुरुंगात घालतंय, आणि घातलं तर तिथला स्वयंपाक तरी सुधारेल. तोंड उघडलं तोच मागून हॉबर्टचा आवाज आला. तो दाराशी डिझेलचा डबा घेऊन उभा होता.

‘माझ्या,’ तो म्हणाला. ‘वीस वर्षं, मॅडम. लग्नं, मयतं, सगळं. मी विचारलं नाही आणि लिहिलं नाही.’

ती म्हणाली, ‘सार्जंट, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना?’

‘हो मॅडम. आणि त्या भांड्यातली कॉफी घेऊ नका, ती कालची आहे.’

एवढं लांब त्याला बोलताना मी आजवर ऐकलं नव्हतं.

मेजरने ताजी कॉफी घेतली, उभ्यानेच प्याली, आणि म्हणाली की हे तिला वर कळवावंच लागेल. हॉबर्ट म्हणाला, हो, लागेलच. मग दोघं खाटा मोजायला गेले, जणू हवामानाबद्दल बोलले होते.

तो हार्मनच्या खुर्चीसाठी करतोय असं मी लिहिलं होतं. ते पुसून टाक.

सुनावणी मे महिन्यावर गेली.

मॅमॉ

*

कोसोवो
२४ एप्रिल

प्रिय मॅमॉ,

पुराची बातमी आम्हाला आधी कमांडरने सांगितली, नावांशिवाय. तुझं पत्र येईपर्यंत कुणी धड जेवलं नाही. इथे आम्ही दुसऱ्यांच्या पुलावर पहारा देत होतो आणि आपला पूल वाहून चालला होता. कमांडर म्हणाला, मागे राहिलेले आहेत ना, ते बघतील. मला माहीत होतं मागे कोण राहिलंय. म्हणूनच मी कामाला लागू शकले.

डॅडींचं पत्र आलं. दोन ओळी. ‘झेल्मा बरी आहे. मी सांगून टाकलं.’

खरं सांग, तूच त्यांना बोलायला लावलंस ना? काहीतरी टोचून बोलली असशील. तसं असेल तर मी रागावणार नाही. रागावले होते, दोन दिवस. मग हाजरियेला सगळं सांगितलं, दुभाष्याने अर्धं तरी पोचवलं असेल. ती म्हणाली, सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट लपवायची तर गावानेच गप्प बसायला हवं, आणि तसं गाव तिने अजून पाहिलेलं नाही.

मी तुला गप्प राहा म्हटलं ते चुकलं. मी डॅडींना वाचवायला निघाले होते, आणि त्यांना वाचायचंच नव्हतं. पण त्यांची पेन्शन, मॅमॉ. मला झोप लागत नाही. जे होईल ते लगेच लिही, वाईट असलं तरी, साखर न लावता. साखर तू लावत नाहीसच म्हणा.

आम्ही जुलैच्या सुरुवातीला निघतो.

डार्ला

*

केटल फोर्क
३० मे

डार्ला,

आधी निकाल, म्हणजे तू पान उलटून शेवट बघणार नाहीस. आर्मरी राहिली. कंपनी इथेच राहणार. राज्य छपराचा आपला निम्मा वाटा देणार. काउंटी तो हॉल भाड्याने घेणार, म्हणजे लोकांना विम्याचा कागद मागायला नको, फक्त कोण आलं ते लिहून ठेवायचं. तुझ्या बापाची पेन्शन राहिली. बाकी काही राहिलं नाही. त्याला ताशेऱ्याचं पत्र दिलं आणि उरलेले महिने घरी बसवलं. किल्ल्या काढून घेतल्या, निरोपसमारंभ नाही, हस्तांदोलन नाही.

मी त्याला टोचलं नाही. मी खोटं बोलायच्या बेतात होते, त्यानेच मला पापातून वाचवलं. उपकार म्हणून मी ते धरलेलं नाही.

सुनावणी हॉलमध्येच झाली. राजधानीचे पाच जण टेबलामागे, मोजपट्टीवाला शेवटच्या खुर्चीत. नीट बोल म्हणालीस म्हणून मी त्याला नमस्कार केला. मेजर पेटिट उभी राहिली. त्यांनी विचारलं, नियम मोडला का? म्हणाली, हो, वीस वर्षं. टेबलामागचे खूश झाले. मग त्यांनी पुराबद्दल विचारलं. ती म्हणाली, ‘मी या गावाची सोय लावायला आले होते. आल्यावर मला फक्त कॉफी प्यायचं काम उरलं होतं.’ तुमची शिफारस काय? ती म्हणाली, छप्पर दुरुस्त करा. आणि बसली. हिला आपल्या गावात आणता आलं तर मी कुणाचं तरी घर रिकामं करवीन.

मधला साहेब काही मऊ झाला नाही. त्याने विचारलं, एका सार्जंटच्या आणि एका मेजरच्या सांगण्यावर राज्याने पैसे का खर्चावेत? हा हॉल खरोखर कुणी वापरलाय का? ज्यांनी वापरलाय त्यांनी उभं राहावं.

कुणी उठलं नाही.

हॉल गच्च भरलेला, मागे माणसं भिंतीला टेकलेली, आणि खुर्चीत बसलेल्यांपैकी एकही जण उठला नाही. सगळ्यांना कळत होतं, जेवढे उभे राहतील तेवढे गुन्हे हॉबर्टच्या नावावर चढतील. क्लेटसची बायको मांडीवर हात घट्ट धरून बसली होती. मीही बसून राहिले, तुझी शप्पत. साहेबाने पेन उचललं. त्याला पुन्हा तेच लिहायचं होतं, ‘नाही’.

तेव्हा पहिल्या रांगेतून तुझा बाप उठला. टेबलाकडे बघितलंही नाही. आमच्याकडे वळला आणि कवायतीच्या आवाजात, जो या गावातल्या निम्म्या पुरुषांनी आणि तू अठराव्या वर्षापासून ऐकलाय, त्या आवाजात म्हणाला, ‘उठा.’

अख्खा हॉल उठला. म्हातारे, काठीवाले, पोरं कडेवर घेतलेल्या बायका. ब्रदर डेल्मर, जो एरवी फक्त प्रार्थनेला उठतो. खुर्च्यांचा एकच आवाज झाला. माझा गुडघासुद्धा विचारायला थांबला नाही. बसायचा हुकूम येईपर्यंत सगळे तसेच उभे. साहेबाने मोजायला सुरुवात केली आणि तिसऱ्या रांगेत सोडून दिली.

हॉबर्ट टेबलाकडे वळला आणि म्हणाला, ‘हे सगळे माझ्या नावावर लिहा.’

लिहिलं त्यांनी. म्हणून किल्ल्या गेल्या. त्याला ठाऊक होतं.

काल कवायतीचा रविवार होता. नवा सार्जंट आलाय, क्विंटन नाव, हार्मनचा, बुटांना आरशासारखी पॉलिश. वाईट नाही. दाराशी टेबल टाकून बसतो आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारून लिहितो, गार्डचे की लोकांपैकी. आम्ही बायका सकाळीच हॅम आणि बटाटे घेऊन गेलो. तुझा बाप आमच्या मागोमाग आला, साध्या सदऱ्यात. वर्दीशिवाय तो पिसं काढलेल्या कोंबड्यासारखा दिसतो. सवयीने आला असेल, किंवा घरी बसवत नसेल. दारात उभा राहिला. त्या हॉलमध्ये तो कधी बसून जेवलेला नाही, पोरं जेवायची तेव्हा हा दाराशी असायचा. आता दाराशी दुसरा होता, आणि याला उभं कुठे राहायचं ते कळेना.

मी आतून म्हटलं, ‘हॉबर्ट, हात रिकामे असतील तर बटाटे सोल. नसतील तरी सोल.’

तो आत येऊन माझ्यासमोर बसला. साली जाड काढतो, निम्मा बटाटा बादलीत. मी सांगितलं, अशा सोलण्यामुळेच वॉशिंग्टनला कर वाढवावे लागतात. तो म्हणाला, नॉर्व्हाही हेच म्हणायची. मी एक बटाटा हातात घेतला. पातळ साल कशी काढतात ते दाखवलं. दुसऱ्या बटाट्याला जमलं त्याला.

दुपारी क्विंटन नावं लिहायच्या कागदाची पाटी घेऊन स्वयंपाकघरात आला. सकाळी राहिलेली बायकांची नावं लिहिली आणि हॉबर्टपाशी अडला. जुना सार्जंट, पण आता नोकरीवर नाही. पेन खालीवर करत राहिला. मला म्हणाला, यांना कुठे लिहू?

मी म्हटलं, ‘लोकांपैकी.’

हॉबर्टने मान खाली घालून दोन बटाटे सोलले. मग पाटी मागितली आणि सही केली.

जुलैत तू येशील तेव्हा वर्दीत आलीस तर तुला आमच्यात धरणार नाहीत, आधीच सांगते. घरी जा, कपडे बदल, आणि मग ये. जेवण ठेवते.

मॅमॉ